मी बाद केलेली कथा

ईरा, निहार — ही गोष्ट मी तुमच्या आईलाही कधी सांगितलेली नाही. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, मासिकाने परीक्षक म्हणून पुन्हा बोलावलं तर आजी नाही का म्हणाली? मी डोळ्यांचं कारण दिलं. डोळे ठीक आहेत.

तुम्ही शाळेत होता तेव्हा त्याच मासिकाच्या दिवाळी अंकासाठी आम्ही तिघांनी लघुकथा तपासल्या होत्या. कथांवर नावं नसत, नुसते क्रमांक. त्या शिस्तीचा मला अभिमान होता.

एक कथा चवथीची होती. गणपतीच्या वर टांगायची माटोळी — सुपारीचे घोस, आंबाडे, रानफळं — आणि ती सगळ्यात नेटकी बांधणारी घरातली एक विधवा. तिला मोठी जाऊ म्हणते, "यंदा तू राहू दी गो, लोक येतले."

ते वाक्य माझं होतं.

म्हणजे कथा सुमनने लिहिलेली, माझ्या धाकट्या जावेने, तुमच्या धाकट्या आजीने. धाकटे आजोबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी, चवथीला, मी तिला हेच बोलले होते — डिचोलीत इंग्रजी शिकवणारी मी. कथेत राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं का?

ती सगळ्यात चांगली कथा होती. हे मला तेव्हाच कळलं होतं. बैठकीत मी म्हटलं — बोलीचा अतिरेक आहे, छापण्याजोगी नाही. बाकी दोघांनी मान डोलावली.

अंक आला. त्यात परीक्षकांची नावं होती. पेडण्याच्या आमच्या घरी नारळ खवता खवता सुमनने विचारलं, "वैनी, कथा तूच वाचलंस?"

"तिघांनी वाटून घेतल्या."

"पेडण्यासून एक इल्ली म्हणतत."

"माझ्याकडे नाय इली गो."

"बरां," ती हसली. "इंग्लिशवाल्यांका आमची भाशा खंय कळतली!"

पुढच्या चवथीला मी तिला माटोळी बांधायला बोलावलं. हात दुखतो म्हणाली. लिहिणंही तिने सोडलं.

सुमन आता हरमलला लेकीकडे असते. तिच्याशी मी यावर बोललेले नाही — धीर झाला नाही, एवढंच. कथेची दुसरी प्रत तिने ठेवली नव्हती, असं लेक सांगते. मासिकाकडची रद्दीत गेली. तिच्यातलं एक वाक्य मला पाठ आहे, तेवढंच उरलं आहे: ‘माझ्या हातचं पाणी चालतं, भात चालतो, मग गाठ का चालू नये?’