मारलं का, हे कुणी विचारीना

माझ्या धाकट्या भावानं आमच्या चुलत्याच्या डोक्यात फावड्याचा दांडा घातला. खोटं कशाला बोलू? घातलाच. आमच्या गावी, करमाडला, चुलत्याची अन् आमची विहीर सामायिक. मोटर लावायच्या पाळीवरून बोलाचाली झाली अन् पोराचं टाळकं फिरलं. चुलत्याला टाके पडले, भाऊ आत गेला. घरी अंथरुणाला खिळलेले वडील अन् एकटी आई. वडलांचं उचलणं-बसवणं सगळं भाऊच करायचा. तो लवकर घरी येणं भागच होतं.

मी लग्न होऊन शहरात, क्रांती चौकाच्या मागं राहत होते. म्हणून कोर्टाच्या चकरा माझ्या गळ्यात पडल्या. पहिल्या तारखेला वकीलसाहेब म्हणाले, "आज काय होणार नाही. पोलिसांचा 'से' यायचाय."

"काय यायचंय?"

"म्हणणं हो. जामीन द्यावा का नाही, यावर पोलिसांचं म्हणणं."

घ्या! ज्यांनी धरून नेला त्यांनाच विचारायचं, सोडू का म्हणून. मांजराला कुणी विचारतं का, उंदीर सोडतीस का बाई? हसावं का रडावं, मला कळंना.

पुढच्या तारखेला आई पण आली. वडलांपाशी शेजारीण बसवली होती. सरकारी वकील उठले, आमचे उठले. घरदार कुठं आहे, पळून जाईल का, आधीचा काही गुन्हा आहे का, साक्षीदारांना धमकावील का. अहो, पण मारलं का नाही? अन् का मारलं? ते कुणी विचारीना! मी घरून सगळं उत्तर जुळवून आले होते. मागून हात वर केला तर शिपायानं असे डोळे वटारले की गप खाली बसले.

मग सरकारी वकील म्हणाले, आरोपीची आई दवाखान्यात जाऊन जखमीला भेटली, जबाब फिरवायला दबाव आणती आहे.

मी आईकडं बघितलं. ती गेली होती, व्हय. डब्यात मऊ खिचडी घेऊन. आमच्याकडं भांडण असलं तरी दुखण्याला बघायला जावंच लागतं, नाय तर गाव तोंडात शेण घालतं. अन् चुलत्यानं तरी काय केलं? सगळी खिचडी खाल्ली, वर म्हणाले, "वहिनी, लिंबाचं लोणचं आणायचं की जरा." जबाबाचा शब्द नाही निघाला. मग यात दबाव कुठून शिरला? चुलत्याच्या पोरानं पोलिसांना सांगितलं होतं म्हणे. मला तर कुणाचा राग करावा तेच उमजंना.

दुपारून हुकूम झाला. जामीन मंजूर! आईनं तिथूनच जजसाहेबांना हात जोडले. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

बाहेर व्हरांड्यात वकीलसाहेब म्हणाले, "कागद झाले की उद्या सुटंल. फक्त एक अट आहे. केसचा निकाल लागेपर्यंत करमाडच्या हद्दीत पाय टाकायचा नाही. साक्षीदार तिथंच राहतात ना."

"म्हंजी सुटला का नाय?" आईनं विचारलं.

"सुटला की."

"मंग घरी?"

"घरी नाही जाता यायचं, मावशी."

"अन् निकाल कवा?"

वकील हातातले कागद चाळायला लागले. मी भडकले. म्हटलं, ही कसली सुटका, आत होता तेच काय वाईट होतं? तशी त्यांनी मला बाजूला घेतलं अन् हळूच म्हणाले, "ते दवाखान्याचं निघालं नसतं, तर बहुतेक ही अट पडली नसती."

हळू बोलले, पण आईनं ऐकलंच. मी म्हटलं, "नाय गं माय, तसं काय नसतं. कोर्टाची रीतच असती ती."

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पदर खोचला अन् वकिलांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"साहेब, दवाखान्यात मी गेल्ते. मला काढा म्हनावं गावातून. त्याला घरी जाऊ द्या."