मलमकाका आणि एकोणचाळीस झाडं

शहरातल्या रस्त्यांवरची झाडं छाटणाऱ्या त्या माणसाला सगळे मलमकाका म्हणायचे. फांदी कापली की जखमेवर ते स्वतः घोटलेला काळा लेप लावत, तोही बोटांनी. सत्तावीस वर्षांत त्यांनी एकही जखम उघडी सोडली नव्हती. "मला सुरी लागली तर म्हणतात, नळाखाली धर," काकू शेजारणीला सांगायच्या, "आणि झाडाला खरचटलं की यांचा जीव खालीवर!"

एक दिवस वृक्ष संशोधन केंद्रातली एक तरुण संशोधक त्यांना शोधत आली. लेपाचा खरंच उपयोग होतो का, हे तिला तपासायचं होतं. एकाच रस्त्यावरची चाळीस झाडं. छाटायची सगळी काकांनीच, पण लेप एकाआड एक झाडालाच.

"म्हणजे वीस झाडं तशीच उघडी सोडायची?"

"तीन वर्षं, काका."

"मॅडम, मन घट्ट आहे हो तुमचं."

तरी ते तयार झाले. आपला लेप जिंकणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

तीन वर्षं ती येत राहिली, मोजपट्टी लावून एकेक जखम मोजत राहिली. मग देशभरातले झाडांचे जाणकार आपापलं संशोधन मांडायला जमले, तेव्हा तिने काका-काकूंनाही बोलावलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले.

पडद्यावर आकडे आले. एकोणचाळीस झाडं. लेप लावलेल्या आणि न लावलेल्या जखमा सारख्याच भरल्या होत्या. उलट दोन झाडांत लेपाखाली ओल कोंडून लाकूड कुजायला लागलं होतं.

काका आपल्या बोटांकडे बघत राहिले. काकूंनी त्यांचा हात धरला.

"कुणाला काही विचारायचंय?" संशोधकबाईंनी म्हटलं.

काका उठले. "मॅडम, सतरा नंबरचं झाड हिशोबात धरू नका. ते उघडं ठेवायचं होतं, पण मी त्याला लेप लावला. दोनदा. राहवलं नाही."

सभागृह हसलं. तीही हसली, पण मायेने. "ठाऊक आहे, काका. खोडावर तुमच्या बोटांचे ठसे होते. सतरा नंबर मी केव्हाच वगळलाय. म्हणून तर एकोणचाळीस."

काका ओशाळून खाली बसणार, तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा. या सगळ्याच जखमा इतरांनी छाटलेल्या झाडांपेक्षा लवकर भरल्यात. कारण लेप नाही, काकांचा काप आहे. बाहेर चला, तेच दाखवतील."

आवारात काकांनी करवत घेतली. साल फाटू नये म्हणून आधी फांदीला खालून खाच दिली, मग वरून कापून तिचा भार उतरवला. राहिलेला खुंट कापताना फांदीच्या बुडाशी असलेली फुगीर वळी मात्र अलगद राखली. "ही वळीच जखम भरते," ते म्हणाले, "हिला दुखवायचं नाही." हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं; हाताला आपोआप कळलं होतं.

पांढऱ्या केसांचे एक प्राध्यापक पुढे झाले. "मी करून बघू?"

त्यांनी करवत टेकवली आणि काका चारचौघांत ओरडले, "अहो सर, केवढी घाई! कोपर खाली घ्या!"

प्राध्यापकांनी मुकाट्याने कोपर खाली घेतलं. मागे आणखी नऊ जण रांगेत उभे होते, आणि सगळ्यांत पुढे, पदर खोचून, काकू.