सगळ्यांदेखत बोलावणं

इंटरनेट आपल्यालाच कळतं, अशी तेव्हा माझी खात्री होती. रत्नागिरीतल्या सायबर कॅफेत पावसचे एक बागायतदार काका दर शनिवारी यायचे. चपला दाराबाहेर काढून, एका बोटाने टाइप करत बसायचे. एकदा मी शेजारून डोकावलो. मुंबईतल्या पुतण्याच्या पानावर ते लिहीत होते, "चि. बाळ यास अनेक आशीर्वाद. बागेवरून झालं ते भांडण पुरे. तुझ्या वाट्याच्या कलमांनाही मोहर आलाय. घरी ये."

मी म्हटलं, "काका, हे त्याचे सगळे मित्र वाचतील. खासगीत पाठवा."

"भांडलो तेव्हा अख्ख्या वाडीने ऐकलंन. मग बोलावणं चोरून कशाला?"

शेवटचं "घरी ये" मोठ्याने वाचून त्यांनी बटण दाबलं. अख्ख्या कॅफेने ऐकलं.