लवू गोताडने पालखीपुढे दिलेला होकार

सुट्टीवरून परतलेला माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या मनगटाकडे बघावं. लवू गोताडला दोहाला परतून पाच दिवस झाले होते, तरी त्याचं घड्याळ रत्नागिरीचीच वेळ दाखवत होतं. दोन्हीकडच्या वेळेत अडीच तासांचा फरक. त्यामुळे सकाळी नऊलाच त्याच्या पोटात कावळे ओरडायला लागायचे आणि संध्याकाळी साडेसहाला तो जांभया द्यायचा. मोबाइलने विमानातून उतरल्या उतरल्या आपली वेळ बदलून घेतली होती. घड्याळाला मात्र लवूने हात लावला नव्हता. दर सुट्टीनंतर तो आठ दिवस असेच काढतो. नवव्या दिवशी काटे मागे फिरवतो आणि मग म्हणतो, "झालं. आता आलो मी."

लवू टॉवर क्रेन चालवतो. रत्नागिरीला आयटीआय केलं, चार वर्षं मुंबईत बांधकामांवर काढली आणि त्यानंतरची तेरा वर्षं इथे. सकाळी डबा आणि पाण्याची बाटली पाठीला लावून शिडी चढायची, केबिनमध्ये बसायचं आणि दुपारपर्यंत खाली यायचं नाही. माणूस म्हणून वर कोणी नाही. खालून वॉकीटॉकीवर आवाज येतो तेवढाच. तो आवाज निलेशचा. निलेश दाभोळचा, लवूच्याच खोलीत राहणारा आणि कामावर त्याला खालून इशारे देणारा. क्रेनवाल्याला खालचं सगळं दिसत नाही, त्यामुळे सगळा कारभार कानावर चालतो. "लोड वर घे" असं निलेश म्हणाला की लवूने तेच शब्द परत म्हणायचे, निलेशने "बरोबर" म्हणायचं, आणि मगच लिव्हरला हात लावायचा. अर्धवट ऐकून होकार दिला तर खाली कोणाचा तरी जीव जायचा. तेरा वर्षांत लवूने एकदाही पूर्ण ऐकल्याशिवाय हो म्हटलेलं नाही, आणि याबद्दल कंपनीने त्याला एक प्रमाणपत्रही दिलं आहे. सावित्रीने, म्हणजे त्याच्या बायकोने, ते गावच्या घरात देव्हाऱ्याशेजारी लावलंय.

वर बसून लवू विचार करतो. दुसरं करणार काय? सुट्टीनंतरचे विचार मोठे नसतात. परसातल्या फणसाला या वर्षी एवढे फणस धरलेत, ते उतरवणार कोण? नळाची तोटी आपण बदलली, ती गळत तर नसेल? इथे सूर्य समुद्रातून वर येतो आणि रत्नागिरीत भाट्याच्या किनाऱ्यावर तो समुद्रात जातो, म्हणजे आपण नक्की कुठल्या बाजूला बसलोय? हा हिशेब त्याला तेरा वर्षांत जमलेला नाही.

आणि सानिका. मुलगी अकरा वर्षांची. या खेपेला घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ती त्याच्या मांडीला मांडी लावून शाळेतली भानगड सांगत होती. सांगता सांगता मध्येच थांबली आणि म्हणाली, "पप्पा, ऐकू येतंय ना?" मग स्वतःच जीभ चावून हसत सुटली. रोज फोनवर बोलायची सवय! लवूही पोट धरून हसला. क्रेनवर बसून आठवलं तेव्हा मात्र त्याला तेवढं हसू आलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी जेवायला खाली उतरल्यावर निलेशने डब्यातली सुकटीची चटणी बोटाने चाटून पुसली आणि विचारलं, "मग? मॅथ्यूला सांगितलंस काय?"

मॅथ्यू त्यांचा फोरमन. केरळचा, पन्नाशीचा, तोंडाने फटकळ.

"काय सांगायचं त्याला?"

"दर वर्षी शिमग्याला सुट्टी पायजे म्हणून!"

लवूला वाटलं, चटणी याच्या डोक्यात गेली. त्यांच्या कंपनीत दोन वर्षांतून एकदा सुट्टी आणि एकदा तिकीट, हे निलेशला काय माहीत नाही?

"दर वर्षी कसली सुट्टी, वेड्या?"

"अरे, तूच देवाला कबूल केलंस ना? मी फोनवर बघत होतो की! तुझ्या खळ्यातच होतो म्हण!"

आता हे जे घडलं होतं ते असं. शिमग्यात गावदेवीची पालखी घरोघर येते. करंजवाडीत ती लवूच्या घरी पंचमीच्या सकाळी आली. दारापुढचं खळं सारवलेलं, रांगोळी काढलेली, ढोल वाजतोय, पोरं नाचतायत. पालखी टेकली, बायकांनी देवीची ओटी भरली, आणि मग वाडीचे मानकरी रावजीतात्या गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. घरच्या माणसांच्या वतीने देवीला काय ते मागायचं आणि काय ते कबूल करायचं, हे तात्यांचं काम. त्यांच्या एकेका वाक्यावर जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. कोकणातल्या माणसाच्या तोंडून हे दोन शब्द आपोआप बाहेर पडतात, शिंकेसारखे. अडवायचे म्हटले तरी अडत नाहीत.

लवू नेमका त्या वेळी निलेशला व्हिडिओ कॉलवर पालखी दाखवत होता. निलेशला या वर्षी सुट्टी नव्हती आणि त्याने दहा वेळा बजावलं होतं, पालखी दाखव म्हणून. मोबाइल कधी उभा, कधी आडवा, मध्येच रेंज गेली म्हणून खळ्याच्या कोपऱ्यात जा, मध्येच पोरांची डोकी आडवी येतात म्हणून हात वर कर. या गडबडीत तात्या काय बोलले यातलं एक अक्षरही त्याच्या कानात शिरलं नाही. तोंड मात्र आपलं काम चोख करत होतं. लवूचा "व्हय म्हाराजा" सगळ्यांत मोठा होता, असं निलेशचं म्हणणं.

"काय बोलले तात्या? नीट सांग."

निलेशने हात जोडले, आवाज घोगरा केला आणि जेवणाच्या शेडमध्ये उभा राहून तात्यांची नक्कल सुरू केली. "बा देवी म्हाराजा! ह्यो धोंडूचा लवू परमुलखात कामाला हाय. त्येचा हात, त्येचा पाय, त्येची नजर सांभाळ रं म्हाराजा! आनि फुडल्या वरसापास्नं दर शिमग्याला ह्यो घरी येल, तुज्या पालखीला सोताचा खांदा देल. त्येची वाट मोकळी कर रं म्हाराजा!"

शेडमध्ये बसलेले नेपाळी आणि बिहारी टाळ्या वाजवायला लागले. लवूचा घास हातातच राहिला.

तेरा वर्षं इशारा परत म्हणून दाखवल्याशिवाय लिव्हरला हात न लावणारा माणूस, आणि प्रत्यक्ष देवीपुढे न ऐकता होकार देऊन मोकळा झाला! तोही एका शिमग्यासाठी नाही, जन्मभरासाठी.

कोणी म्हणेल, त्यात काय एवढं? पण गाऱ्हाण्यात दिलेला शब्द म्हणजे दुकानदाराला "उद्या येतो" म्हणून सांगण्यासारखा नसतो. तो देवीने ऐकला की नाही ते देवी जाणे. वाडीने ऐकलेला असतो. पुढच्या शिमग्याला पालखी दारात येईल तेव्हा सत्तर माणसं खळ्यात उभी राहून लवू कुठे आहे म्हणून बघणार, आणि सावित्रीला त्यांच्या तोंडाकडे बघावं लागणार. दुसरीकडे कंपनी. क्रेनवाला मध्येच गेला तर अख्खं काम अडतं. मॅथ्यू "जा" म्हणेल, पण परत "ये" म्हणेलच असं नाही. घराच्या वरच्या मजल्याचे नुसते खांब उभे राहिलेत, सानिका आता हायस्कुलात जाईल. नोकरी घालवून चालणार नव्हती.

दोन दिवस लवूने पळवाट शोधली. आपण मोबाइलकडे बघत होतो, म्हणजे तो होकार निलेशला दिला होता असं म्हणता येईल का? निलेशने कानावर हात ठेवले. "मला मध्ये घेऊ नको. मी देवीच्या भानगडीत नाही." शेवटी लवूने ठरवलं, सरळ तात्यांनाच विचारावं. गाऱ्हाणं त्यांनी घातलं, तेच सोडवतील.

शुक्रवारी सुट्टी. सकाळीच फोन लावला. तात्यांनी आधी हवापाणी विचारलं, मग तिकडे आंबे मिळतात का ते विचारलं, मग कुठल्या जातीचे ते विचारलं. पाकिस्तानचे मिळतात म्हटल्यावर जरा वेळ नाराज झाले. मग लवूने घसा साफ केला.

"तात्या, ता शिमग्याचा गाऱ्हाणा... माज्याकडून चूक झाली. माजा ध्यान नव्हता. मला दर वरसाला येवाला जमनार न्हाय. तुमी देवीला तसा सांगा ना."

"तुजा ध्यान नव्हता ता मी बगितला," तात्या म्हणाले. "फोन घेऊन खळ्यात फुगडी घालत होतास."

"मग मला न विचारता तुमी कशाला कबूल केलात?"

"मी?" तात्यांचा आवाज चढला. "मी कोन कबूल करनारा? गाऱ्हाना घालनारा नुसता तोंड असतो. घरवाल्यानी जा सांगितला ता बोललो."

"मी तर काय सांगितला नव्हता. सगळ्यांना बरा ठेव, एवढाच बोललो होतो."

"ता तू बोललास. घर काय तुज्या एकट्याचा हाय काय रं?"

एवढं बोलून तात्यांनी गायीला पाणी दाखवायचं आहे म्हणून फोन ठेवला.

लवूने खाटेवर बसून हिशेब मांडला. घरात माणसं तीन. तो, सानिका आणि सावित्री. सानिका त्या वेळी ढोलापुढे नाचत होती.

त्याला सावित्रीचा राग आला, हे खरंच सांगायला हवं. चांगला सणसणीत राग आला. एवढी मोठी गोष्ट, आणि आपल्याला सांगितलं नाही! बरं, गेला आठवडाभर रोज फोनवर बोलतेय. फणस, तोटी, सानिकाचे मार्क, शेजारच्या मालनवहिनीच्या म्हशीचं रेडकू, सगळं बोलली, आणि हे एक तेवढं पोटात ठेवलं. त्याने लगेच तिला फोन लावला.

"काय वो, आज सकालीच?" सावित्री. मागे कुकरची शिट्टी.

"तात्यांना गाऱ्हाण्यात हे घालायला तू सांगितलंस?"

"व्हय," ती म्हणाली. इतक्या सहज, की लवूचा राग गडबडला.

"अगं, मला आधी विचारायचं तरी!"

"विचारला न्हाय?" कुकर बंद झाल्याचा आवाज आला. ती हसत होती, नेहमीसारखीच, पण हसता हसता सावकाश बोलायला लागली. "चार वर्सा विचारतेय. दर वर्साला पंधरा दिस तरी येवा, तिकीट आपन काडू, वरचा मजला उशिरान झाला तरी चालंल, पोरगी मोठी व्हतेय. आटवतंय काय? तुमी दर वक्ताला काय बोलायचात?"

लवूला आठवलं. तो म्हणायचा, बघू.

"देवीपुडं तुमी बगू बोलत न्हाय," सावित्री म्हणाली. "म्हनून तात्याना सांगितला. आनि तुमचा ध्यान न्हाय ता मला पन दिसत व्हता. म्हटला, बरा झाला."

लवूने काहीतरी बोलायला हवं होतं, पण जे शब्द जिभेवर येत होते ते सगळे "बघू"च्या घरातलेच होते. मॅथ्यूला विचारून सांगतो. काम कसं आहे त्यावर आहे. पुढच्या महिन्यात ठरवू. हे सगळं तिने चार वर्षं ऐकलेलं. तिने एकदाही आदळआपट केली नव्हती. दर वेळी हसून विषय बदलला होता, आणि त्याला वाटलं होतं, हिला पटलं.

"रागावलाव काय?" तिने विचारलं.

"नाही," लवू म्हणाला. आणि मग म्हणाला, "जरा अगोदर रागावलो होतो. आता नाही."

"मग जेवा काय ता. मी पन भाकऱ्या टाकते."

दुसऱ्या दिवशी लवू शिडीकडे न जाता आधी साइटच्या ऑफिसात गेला. पुढच्या फेब्रुवारी-मार्चमधली पंधरा दिवसांची बिनपगारी सुट्टी, तिकीट स्वतःचं, आणि बदली माणूस लागेल म्हणून अकरा महिने आधीच अर्ज. फॉर्म इंग्रजीत होता. नाव, नंबर, तारीख लिहून झालं, आणि शेवटी कारणाची ओळ आली. या ओळीत सगळे एकच लिहितात: वडील आजारी. लवूचे वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती. देवीची पालखी लिहावं तर ते मॅथ्यूला समजावण्यात अर्धा दिवस गेला असता, आणि शिवाय ते पूर्ण खरंही नव्हतं. पेन दोन मिनिटं हवेत राहिलं. मग त्याने आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, बायकोने बोलावलं आहे.

मॅथ्यूने फॉर्म वाचला, चष्मा वर केला आणि फटकळपणे हिंदीत म्हणाला, "बायका सगळ्यांच्याच बोलावतात. तुझी कधीपासून बोलावतेय?"

"चार वर्षं झाली," लवू म्हणाला. "मी काल ऐकलं."

मॅथ्यूने खिशातून पेन काढलं, सही केली आणि टेबलाच्या खणातून आणखी एक कोरा फॉर्म काढून स्वतःपुढे ठेवला.