पाहुण्याची म्हैस

मी भूगोलाचा मास्तर झालो, तेव्हा पहिल्याच तासाला अकरावीतल्या एका पोराने मला शांतपणे सांगितलं, "सर, आपल्याकडे भूगोल नाई जी."

"काऊन नाही?"

"भूगोल तिकडे असते. कॅनडात, ऑस्ट्रेलियात. आपल्याकडे वावरं असते."

त्याचं काही चुकलं नव्हतं. पुस्तकात जे छापलं होतं ते त्याने वाचलं होतं. त्या वर्गाला ऑस्ट्रेलियातल्या मेंढीपालकाचा दिवस पहाटेपासून झोपेपर्यंत पाठ होता. सेंट लॉरेन्स नदी केव्हा गोठते हे ते झोपेतून उठवलं तरी सांगत. गावाबाहेरचा नाला कुठून येतो असं विचारलं की सगळे एका सुरात म्हणत, "वरून."

हे गाव हिंगणघाट तालुक्यातलं, अल्लीपूरच्याही पुढचं. नाव सांगत नाही, कारण तिकडे माझी सोयरीक झाली आहे. त्याच सुमारास आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला. जिल्हा जागचा हलला नाही, वर्धा नदी हलली नाही, पण राजधानी नागपूरहून उठून समुद्रकाठी गेली आणि तिच्यामागे परीक्षेचं पुस्तकही बदललं. नव्या पुस्तकात वरच्या वर्गासाठी 'एका खेड्याचा सविस्तर अभ्यास' असा धडा होता. खेडं कोकणातलं होतं. नारळ, होड्या, मासे सुकवणाऱ्या बाया. आमच्या पोरांनी नारळ पाहिला होता तो देवापुढे, आणि मासा पाहिला होता तो नाल्यात. दोन्ही एकाच गावात राहतात हे त्यांना काही केल्या पटेना.

मी ठरवलं, आपण आपल्याच गावाचा अभ्यास करायचा. जमीन, पिकं, ढोरं, पाणी, बाजार. पोरं घरोघरी जाऊन विचारतील, मोठ्या कागदांवर तक्ते काढतील, आणि ते तक्ते वर्गाच्या भिंतीवर लागतील.

यात माझा स्वार्थ होता, तो सांगून टाकतो. मी कच्चा मास्तर होतो, म्हणजे तात्पुरता. पक्का व्हायला दोन गोष्टी लागत: इन्स्पेक्टर साहेबांचा चांगला शेरा, आणि शाळेच्या कमिटीच्या अध्यक्षांची सही. आमच्या घराण्यातला मी पहिला बी.ए. हे मी ताठ मानेने सांगतो. वशिल्यासाठी कोणाच्या ओसरीवर बसून मिळवलेलं नाही ते. आमच्या गावी, रोहण्याकडे, माझ्या बापाने मी पास झाल्याचा गूळ अख्ख्या गावात वाटला होता. शाळेने मला काढलं असतं, तर मी परत जाऊन वखर धरला असता. वखराची मला लाज नव्हती. पण गूळ खाल्लेली माणसं बांधावर उभी राहून पाहतील, याची होती.

तर पोरं निघाली. चार-चारांचे गट, हातात पेन्सिल आणि कागद.

आठवड्याने तक्ते तयार झाले आणि मी डोक्याला हात लावला. त्या तक्त्यांवरून आमचं गाव म्हणजे एक चमत्कार होता. या गावात कपाशी पिकत नव्हती, तरी दिवाळीनंतर जिनिंगकडे कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागत होती. तूर दरसाल किडीने खाल्लेली होती. विहिरींना पाणी नव्हतं, फक्त मिरच्यांना कुठून तरी मिळत होतं. आणि दुभतं जनावर अख्ख्या गावात एकही नव्हतं.

मी एका पोराला उभं केलं. "काल तुझ्या डब्यात दही होतं ना रे?"

"होतं जी."

"मग तुझ्या घरी म्हैस नाही असं काऊन लिहिलं?"

"आबा म्हणले, ते म्हैस पाहुण्याची हाय म्हून."

"कोणता पाहुणा?"

"आला नाई अजून."

चौकशी केली तेव्हा कळलं की गावातल्या सगळ्याच म्हशी पाहुण्यांच्या होत्या. पाहुणे येत नव्हते, म्हशी आधी पाठवत होते.

मी शेतकऱ्याचा पोरगा. मला हे समजायला वेळ लागला नाही. पेन्सिल घेऊन जो दारात येतो तो सरकार असतो, मग तो पटवारी असो की स्वतःचा नातू. माझा बाप तर पटवारी गल्लीत वळला की खोकायला लागायचा. पटवारी दारात येईपर्यंत बापाचं वय दहा वर्षांनी वाढलेलं असायचं, आणि आमचे बैल मागच्या दाराने नदीकडे निघालेले असायचे.

मी हेडमास्तरांकडे गेलो. हे गृहस्थ शहरातले, खादी वापरणारे, खेड्यावर अतोनात प्रेम करणारे. त्यांना खेड्यात राहायला येऊन दोन वर्षं झाली होती, पण प्रेमात फरक पडला नव्हता, कारण ते शाळेतून घरी आणि घरून शाळेत एवढेच जात.

"सर, हे तक्ते खोटे आहेत," मी म्हणालो.

त्यांनी ते एकेक करून वाचले. डोळे पुसले. "मास्तर," ते म्हणाले, "खेडूत खोटं बोलत नसतो. हाच खरा भारत आहे. इन्स्पेक्टर साहेबांना हेच दाखवायचं."

"पण सर, गावात ढोरं आहेत. मी पाहतो ना रोज. काल एका म्हशीने मला शिंग दाखवलं."

"ती पाहुण्याची असेल," हेडमास्तर म्हणाले.

एक तक्ता मात्र वेगळा होता. तो नाल्याकडच्या वस्तीचा. ही मंडळी नुकतीच बौद्ध झालेली. त्या वस्तीतला एक पोरगा माझ्या वर्गात होता. अक्षर असं की छापखान्याने लाजावं. तिथे मी स्वतः त्याच्या गटाबरोबर गेलो होतो. बाकी गावात आम्हाला पाहून दारं लागत. इथे माणसं खाटा बाहेर काढून बसली. त्या पोराची आजी पुढे झाली.

"कायले आले, मास्तर?"

"गावाची माहिती लिहून घेतो आहोत, बाई."

"आमची बी लिहिता?"

"तुमची पण."

"मंग बस. घाई नको करू." ती पोरांकडे वळली. "लिही रे. दोन बकऱ्या. एक लंगडी, ते बी लिही. वावर नाई. मजुरी. गावच्या इहिरीवर आमाले भरू देत नाई. होळी झाली का नाल्यात झिरा खोदून पाणी काढतो. लिहिलं? वाचून दाखव."

पोराने वाचून दाखवलं.

"लंगडी सोडली तू," ती म्हणाली.

त्याने लंगडी लिहिली. साऱ्या गावात खरा असा तो एकच तक्ता झाला. बाकीच्यांचं लिहून काही गेलं असतं. यांच्याकडे जायला काही नव्हतं, आणि लिहिलं गेलं तर काही येण्याची आशा होती.

तपासणीच्या आदल्या दिवशी कमिटीचे अध्यक्ष शाळेत आले. गावात त्यांना मालक म्हणत. मालगुजारी कायद्याने गेली होती, पण तिने जाताना 'मालक' हा शब्द नेला नव्हता. ते भिंतीशी काठी टेकवून तक्ते पाहू लागले. पहिला तक्ता त्यांच्याच घरचा होता. पोरं गेली तेव्हा त्यांनी झोपाळ्यावर बसवून फुटाणे खाऊ घातले होते आणि सांगितलं होतं: दहा एकर बरड, दोन थकलेले बैल, विहीर आटलेली. तेव्हा जमिनीवर कमाल मर्यादा येणार अशी हवा होती. मालकांची काळी जमीन भाच्यांच्या, जावयाच्या आणि एका स्वर्गवासी काकूच्या नावावर वाटून झाली होती. काकू मेल्यावर जेवढ्या जमिनीची धनीण झाली तेवढी जिवंतपणी तिने पाहिलीही नसेल.

"वा," मालक म्हणाले. "पोट्ट्यांनी लय मेहनत केली." ते पुढे सरकत गेले आणि शेवटच्या, नाल्याकडच्या वस्तीच्या तक्त्यापाशी थांबले. पुन्हा वाचला.

"हे कोनं लिहिलं?"

"वर्गाने, मालक."

"हे काढा. साहेब उद्या येऊन राह्यले. गावाची शोभा होते काय हे?"

"खरं आहे जी ते."

"खऱ्याचं काय घेऊन बसले, मास्तर? तुमची पक्की व्हायची हाय ना अजून?"

हे त्यांनी अगदी मायेने विचारलं. पाठीवर हात ठेवला. हेडमास्तर खिडकीतून बाहेर खरा भारत पाहू लागले. मला बांध दिसला, आणि बांधावरची माणसं. एक तक्ता काढायचा म्हणजे चार टाचण्या. पण त्या वस्तीतला तो पोरगा दुसऱ्या बाकावर बसला होता आणि माझ्याकडे पाहत होता. आणि खरं सांगायचं तर माझ्या अंगातला कुणबीही उठून बसला होता. पाठीवर हात ठेवून कोणी मला हाकलायला लागलं की माझं डोकं फिरतं.

"चुकलं असेल तर दुरुस्त करतो, मालक," मी म्हणालो. "पण मग दुरुस्ती सगळ्याच तक्त्यांची करावी लागेल. पहिल्यापासून. भूगोलात एका ठिकाणी हात लावला की बेरीज हलते. पोरांना उद्या सकाळी परत पाठवतो. तुमच्याकडेच आधी येतील."

मालकांनी पहिल्या तक्त्याकडे पाहिलं. मग शेवटच्या. मग पुन्हा पहिल्या. बाहेर त्यांचीच एक म्हैस, जी त्यांची नव्हती, मोठ्याने ओरडली.

"राहू द्या," ते म्हणाले. "पोट्ट्यांची मेहनत हाय."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. नागपूरचे, बारीक चष्म्याचे, मोजकं बोलणारे. दुपारचं जेवण अर्थातच मालकांकडे. पुरणाच्या पोळ्या, पाटवडीचा रस्सा, तुपाची वाटी नव्हे, तांब्याच. आणि शेवटी बासुंदी. साहेबांनी सकाळीच अर्धे तक्ते वाचले होते. बासुंदीचा घोट घेऊन त्यांनी विचारलं, "गावात दुभतं जनावर नाही म्हणता ना?"

 वाढणाऱ्या बाया थांबल्या. हेडमास्तरांनी वाटी खाली ठेवली.

"पाहुण्याची म्हैस हाय साहेब," मालक म्हणाले.

"चांगली आहे," साहेब म्हणाले, आणि आणखी घेतली.

जेवणानंतर साहेब शेवटच्या तक्त्यासमोर उभे राहिले. तो पुरता वाचला. मग मालकांकडे वळले. "हे विहिरीचं खरं आहे?"

आता मालकांना दोन वाटा होत्या. हा एक तक्ता खोटा म्हणावं, तर साहेब विचारणार, मग बाकीचे? खरा म्हणावं, तर विहिरीचं कबूल करावं लागणार. त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"साहेब," ते घसा साफ करून म्हणाले, "या भिंतीवरचं एकूण एक अक्षर खरं हाय."

आपल्या गावाच्या विहिरीबद्दल इतकं खरं मालक त्याआधी किंवा त्यानंतर कधी बोलल्याचं मी ऐकलं नाही. ते त्यांना बोलावं लागलं ते काकूच्या जमिनीसाठी.

साहेबांनी शेरा लिहिला: भूगोलाचे अध्यापन स्तुत्य, गाव गरीब परंतु सत्यवादी, विहिरीबाबत ग्रामपंचायतीने तातडीने लक्ष घालावे. त्या शेऱ्यावर मी पक्का झालो. मालकांनी सही करताना एवढंच विचारलं, "मास्तर, तुमचा बाप काय करते?"

"शेती करतो जी."

"हं," ते म्हणाले. "वाटलंच."

पंचायतीने लक्ष घातलं. म्हणजे गावची विहीर जशी होती तशीच ठेवली आणि नाल्याकडे एक नवीन खणली, वेगळी. तिच्या उद्घाटनाला हार, नारळ आणि मालकांचं भाषण झालं. काठावर दगड बसवला, त्यावर मालकांचं नाव. विहिरीला पाणी कमी आणि मचूळ लागलं, दगड मात्र उत्तम लागला. हेडमास्तरांना गहिवरून आलं. मी पक्क्या नोकरीचा मास्तर म्हणून पुढच्या रांगेत खुर्चीवर होतो. सोहळा संपल्यावर माणसं पांगली, तेव्हा ती आजी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आभार मानते की काय.

"मास्तर, तो कागद हाय का अजून भितीवर?"

"आहे ना."

"त्यात बदल करा लागते. लिही: इहीर दिली, पर गावची दिली नाई." तिने दगडाकडे हनुवटी केली. "अन् पाणी मचूळ. ते सोडू नको, लंगडीवानी."

"नवीन वर्गाला लिहायला लावतो, बाई."

तिने मला खुर्चीसकट वरून खाली पाहिलं.

"पक्का झाला म्हने तू?"

"झालो."

"मंग आता कायचा भेव? मोठ्या अक्षरात लिहायले लाव. दुरून वाचता आलं पायजे."

पुढच्या जूनमध्ये अकरावीच्या नव्या वर्गाने तक्ते करायला घेतले, तेव्हा सगळ्यात आधी नाल्याकडच्या वस्तीचा तक्ता काढला. शाळेतला सगळ्यात मोठा कागद घेतला, आणि शाई मी घरून आणली.