बाईंना पोतराज पाहिजे होता

"पँटवर नको रे. ओरिजिनल कर," बाई म्हणल्या.

शारजातला साहेबांचा फ्लॅट. शुक्रवारची दुपार. सोफ्यावर पुण्या-मुंबईची आठ-दहा माणसं, हातात पोह्यांच्या प्लेटा. मधे गालिच्यावर मी. दारातच सांगितलं होतं, आधी पाय धुऊन ये. धुऊन आलो. साहेबांच्या मिसेसनी, वहिनींनी, जुन्या साड्या फाडून घागरा शिवून ठेवलेला. आसूड पण रेडी.

साहेबांच्या पोरीनं विचारलं, "पपा, इज ही अ रिअल वन?"

"येस बेटा. रिअल."

रिअल म्हणे. मी साहेबांच्या कंपनीत, दुबईतल्या रास अल खोरच्या गोडाऊनमधला हेल्पर. खोकी उचलणारा.

चूक माझीच. मला नकलांची खोड. शाळेत हेडमास्तर केला, इथं लेबर कॅम्पात मलबारी फोरमन केला, पठाण ड्रायव्हर केला. सगळे करून संपले, तेव्हा एकदा पोतराज केला. आमचा आजा पोतराज. बा पण. दारोदार फिरायचं, आसुडानं स्वतःला फोडून घ्यायचं, मग कुणी सुपात पीठ टाकणार. मी कमरेला टॉवेल बांधला आणि दोरी पाठीवर सटासट. पोरं हसून लोळली. साहेब कामानं कॅम्पात आले होते. दारातून बघत होते.

बाई साहेबांच्या नात्यातल्या, पुण्याहून आलेल्या. संस्कृतीचा अभ्यास करतात. पुस्तक लिहायचं चाललेलं. समोर टेपरेकॉर्डर, वही, दोन पेनं.

मी आधी फोरमन करून दाखवला. "यल्ला यल्ला, खलास करो!" बाईंनी टेप बंद केला.

"हे नको. हे तुमचं नाही."

बारा तास रोज ते ऐकतो मी. तरी माझं नाही.

मी घागऱ्याकडं बघत उभा राहिलो. साहेब जवळ आले. हसत, हळू म्हणले, "नखरे नको. तुझा सुट्टीचा अर्ज माझ्या टेबलावर आहे."

अडीच वर्षं झाली होती घरी जाऊन. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. साहेबांची सही नाही तर विमान नाही. आईनं डोळ्याचं ऑपरेशन माझ्यासाठी लांबवलेलं.

घातला घागरा.

पहिला फटका हळू मारला. बाई म्हणल्या, "लागू दे थोडं. आवाज यायला पाहिजे." मारला. अजून एक. टाळ्या पडल्या. बाई वहीत लिहायला लागल्या. मान वर न करता विचारलं, "तुम्हा लोकांना दुखत नाही ना? सवय असेल."

तुम्हा लोकांना.

माझ्या बाच्या पाठीवर वळ होते. लहानपणी मी त्यावरून बोट फिरवायचो. मी तीन वर्षांचा असताना, जयंतीच्या दिवशी, भर चौकात बसून बानं देवीच्या नावानं वाढवलेले केस कापून घेतले. घागरा जाळला. देवी कोपणार म्हणून गावानं लई शिव्या दिल्या. काय झालं नाही. बा मोंढ्यात हमाली करायला लागला आणि मला शाळेत घातलं.

माझा हात थांबला.

"बाई, लिहा. माझ्या बानं केस कापले. चौकात, सगळ्यांसमोर. ते लिहा."

"ते माझ्या विषयात बसत नाही," बाई म्हणल्या. रागानं नाही. अगदी गोड.

म्हणजे मार खाल्ला ती आमची संस्कृती. मार बंद केला तर ती कुणाचीच नाही. वहीत त्याला एक ओळ नाही.

मी घागरा सोडला. घडी घालून गालिच्यावर ठेवला.

"विचार कर हं," साहेब म्हणले.

"केला, साहेब."

सही झाली नाही. पुढं सात महिने झाली नाही. आईला शेजारचा माणूस दवाखान्यात घेऊन गेला. तिची पट्टी सुटली तेव्हा मी खोकी लावत होतो. फोनवर म्हणली, "तुला बघायचं होतं रं पहिलं."

कॅम्पात पोरं मागं लागली, "हबीबी, पोतराज कर की!" नाही केला. शरम बाईंची नव्हती वाटत. माझी वाटत होती. बानं जाळलेलं मीच टॉवेल बांधून परत उभं केलं होतं. कुणी धमकी न देता. हसायला.

नकला अजून करतो. साहेबांची करतो. बाईंची तर एक नंबर. पण आमच्या पाठीवरचा मार आता कुणाला दाखवणार नाही. अभ्यासाला नाही, हसायला नाही, सुट्टीसाठी पण नाही. बानं तो कसा बंद केला, ते सांगीन. तेवढंच सांगीन. ते ऐकायचं नसेल तर माझ्याकडं यायचं नाही.