हैबतरावांचा उघडा बांध

‘हैबतराव जेवायला बसले की आधी भाताला विचारतात, तू माझ्याच शेतातला ना?’ असे त्यांचे शेजारी म्हणत. गडबच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत वळणाऱ्या आमच्या गावात हे वाक्य इतके जुने झाले होते की ते पहिल्यांदा कोणी उच्चारले हे सांगणे कठीण. हैबतरावांच्या कानावर ते होतेच. त्याचा त्यांना रागही नव्हता. पेणच्या बाजारात वाल विकायला जाताना ते पिशवीत स्वतःचे किलोचे वजन घेऊन जात आणि व्यापाऱ्याच्या काट्यावर आधी ते ठेवून पाहत. काटा बरोबर निघाला तर त्यांचा चेहरा अधिकच गंभीर होई. “काटा बरोबर हाय, म्हणजे भावात मारणार,” असे ते म्हणत.

बियाण्याचे वाल राखेत घोळून मडक्यात ठेवण्याची पद्धत सगळ्यांचीच. हैबतराव मडक्याचे तोंड शेणाने लिंपून त्यावर आपल्या अंगठ्याचा ठसाही उमटवत. घरात त्यांच्याशिवाय फक्त पत्नी मालूबाई. तो ठसा नेमका कोणासाठी, हे विचारणे मालूबाईंनी फार पूर्वीच सोडून दिले होते.

आमच्याकडे भात कापून झाले की गुरे मोकळी सोडतात. त्याच ओलसर जमिनीत वाल पेरतात आणि तो पुढे पाण्यावाचून, नुसत्या दवावर वाढतो. म्हणून एका पट्ट्यातल्या सगळ्यांनी मिळून वाल पेरायचा आणि ज्याची कड बाहेरच्या अंगाला येते त्याने तेवढ्या कडेला काटेरी फांद्यांची वई घालायची, असा रिवाज आहे. एकाची वई राहिली तर गुरे सगळ्यांच्याच वालात शिरतात. हैबतरावांचे खाचर पट्ट्याच्या तोंडाशी होते आणि त्याला लागून आत जनूचे. जनूला दुसरी जमीन नव्हती. त्याची मुलगी दिशा गेल्याच उन्हाळ्यात लग्न होऊन रोह्याकडे गेली होती आणि माहेरचा वाल यंदा पहिल्यांदाच तिच्या घरी जायचा होता.

त्याच वर्षी हैबतरावांनी वई घातली नाही.

कारण साधे होते. दरवर्षी दिवाळीत त्यांचा मुलगा निलेश रोह्याहून येई आणि बापलेक मिळून फांद्या तोडत. यंदा कंपनीत माणसे कमी म्हणून निलेशला शिफ्ट सोडता आली नाही. हैबतरावांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. शेजाऱ्याला हाक मारली असती तर काम सकाळच्या उन्हात आटोपले असते. पण हाक मारणे त्यांच्या स्वभावात नव्हते. “आज फांद्या तोडायला येतील, उद्या बांध सरकवतील,” एवढेच ते मालूबाईंना म्हणाले आणि विषय संपला.

दिवाळीला निलेशऐवजी त्याची मुलगी मनस्वी एक दिवस येऊन गेली. ती रोह्याला कॉलेजात शिकते. जाताना तिने आजोबांच्या मोबाईलवर शेतीचा एक गेम घालून दिला. त्यात दोघांचे मिळून एक शेत होते. बी विकत घ्यायचे, पेरायचे, पीक विकायचे आणि त्यातून शेत वाढवायचे. घरात नेटवर्क नव्हते. ते फक्त बांधावर मिळे. त्यामुळे हैबतराव सकाळ-संध्याकाळ बांधावर बसू लागले, आणि मनस्वी फोनवर असली की मोठ्याने बोलू लागले.

गेममध्ये शरद ऋतू लागला तेव्हा पहिला घोटाळा झाला. मनस्वीने भोपळ्याचे बी आणले, हैबतरावांनी ते पेरले आणि निवांत बसून राहिले. कोंब काही पुढे सरकेना.

“आबा, तुम्ही पाणी घातलंच नाही!”

“शरदात कसलं पाणी? दव पडतं की.”

“गेममध्ये दव नाही पडत, आबा.”

“मग शरद कशाला म्हणायचं त्याला? उगाच?”

तिथून त्यांचा त्या शेतावरचा विश्वास उडाला आणि म्हणूनच बहुधा त्यात त्यांचा जीव गुंतला. कशात अधिक फायदा, यावर त्यांचे रोज खल चालत. भोपळ्याला दाम चांगला. पण तो पिकायला अर्धा ऋतू घेई आणि एकदाच हाती येई. क्रॅनबेरी नावाचे करवंदाएवढे लाल फळ होते. त्याचे बी महाग, पण एकदा लावले की पुन्हा पुन्हा तोडता येई. मनस्वीचे मत त्या लाल फळाकडे. हैबतरावांना बी महाग असण्यातच काळेबेरे दिसले. त्याहून संशयास्पद त्यांना गेममधला दुकानदार वाटला. कोणी कितीही माल नेला तरी तो तोच भाव देई.

“सगळ्या गावानं भोपळा नेला तरी भाव पडत नाय? हा कुणाचा तरी माणूस हाय.”

“तो माणूसच नाहीये. प्रोग्रॅम आहे.”

“प्रोग्रॅम कुणीतरी माणसानंच केला ना? झालं तर मग.”

भाव चढेल म्हणून त्यांनी सगळे भोपळे पेटीत दडवून ठेवले. भाव चढला नाही. तो चढत नाही, हेही त्यांनी दुकानदाराच्याच खात्यावर जमा केले. गेममधला ऋतू एका महिन्याचा, तोही भराभर संपे आणि वर्ष फिरून शरद पुन्हा येई; दर शरदात हाच वाद नव्याने सुरू होई.

असाच एक वाद एका सकाळी जनूची बायको गिरजाबाई हिच्या कानावर पडला. ती डोक्यावर गवताचा भारा घेऊन बांधाखालून जात होती. हैबतरावांची तिच्याकडे पाठ होती.

“खालचा तुकडा पुरा मोकळा कर. आता तिथं काय ठेवू नको. महिना संपला की उभं पीक मरणारच हाय, त्याच्या आत निघेल ते विकून मोकळं व्हायचं. आणि चारी बाजूंनी कुंपण घाल आधी. तो शेजारचा सारखा आत फिरत असतो. त्याच्यावर माझा भरोसा नाय.”

गिरजाबाईने भारा अंगणात टाकला आणि नवऱ्याला आत बोलावले.

“ऐकलंत काय? हैबतराव जमीन देतायत कुणाला तरी. फोनवर ठरवत व्हते.”

“काय तरी बोलू नको. वाल पेरलाय त्यानं.”

“दाखवायला पेरलाय! किती विरळ पेरलाय ते बघितलंत?”

“विरळ हाय खरा,” जनू म्हणाला. वास्तविक हैबतराव दरवर्षीच विरळ पेरत.

“आणि वई? वई घातली काय त्यांनी?”

“नाय.”

“घालतील कशाला? घेणारा येऊन कंपाउंडच घालणार. मग गुरं आपल्या वालात सुटली काय नि आपली वाट बंद झाली काय, त्यांना काय पडलंय? उभं पीक मरणार म्हणत व्हते. माझ्या पोरीकडं मी काय पाठवू, दगड?”

जनू त्याच संध्याकाळी बांधावर गेला तेव्हा हैबतराव फोनवर बोलतच होते.

“हैबतराव, वई कधी घालायची?”

“घालीन.”

“कधी पण?”

“तुला काय घाई? गुरं तुझ्या कानात सांगून गेली काय?”

“सांगायला कशाला पायजे? उघडं दिसतंय मला.”

“दिसतंय ना? मग बघ.”

हैबतरावांनी मोबाईल खिशात घातला. आधी बोलत होते आणि आपण आल्यावर फोन लपवला, एवढे जनूला पुरे झाले.

दुसऱ्या दिवसापासून जनू पाळतीला बसला. सकाळी चहाच्याही आधी तो त्या उघड्या कडेला येई आणि ऊन चढल्यावर घरी जाई. उन्हे उतरली की पुन्हा हजर. जमीन घेणारी माणसे कधीतरी बघायला येतील आणि तेव्हा आपण समोर असले पाहिजे, असा त्याचा हिशेब होता. एकदा खरोखरच एक पांढरी गाडी थांबली. आतल्या माणसांनी जोह्याचा रस्ता विचारला. त्यांना तिथल्या कारखान्यात गणपतीच्या मूर्ती बघायच्या होत्या आणि ते पेण ओलांडून भलतेच पुढे आले होते. जनूने त्यांना मागे फिरायला सांगितले, पण गणपतीला एवढा अवकाश असताना मूर्ती कशाला, ही शंका त्याच्या मनातून गेली नाही. मधल्या काळात चरायला आलेली गुरे कडेशी घुटमळत. जनू बसल्या जागेवरून हाकाटी करी, काठी आपटी आणि पुन्हा रस्त्याकडे नजर लावी. हैबतराव त्याला पाहत, त्याच्याकडे पाठ करीत आणि फोनवर आवाज उतरवून बोलत. आवाज उतरला की जनूचा संशय चढे.

दवाच्या दिवसांत वाल फुलला, शेंगा भरल्या. एका रविवारी संध्याकाळी जनूच्या खाचरात पोपटी लावली. भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा मडक्यात भरून ते पालथे घालायचे आणि भोवती जाळ करायचा. पट्ट्यातल्या प्रत्येकाने शेंगा आणायच्या, म्हणून हैबतरावांनाही बोलावणे गेलेच होते. त्यांनी आपल्या शेंगा वेगळ्या फडक्यात बांधून आणल्या, आणि मडके भरेपर्यंत त्या फडक्याची गाठ सोडली नाही. मनस्वीही रोह्याहून आली होती.

जाळ पेटल्यावर गिरजाबाईला राहवले नाही.

“मनस्वी, खरं सांग गो. तुझा आजा जमीन कुणाला देतोय?”

“जमीन? कुठली जमीन?”

“फोनवर ठरवतात ती. तुकडा मोकळा कर, कुंपण घाल, उभं पीक मरणार. माझ्या कानांनी ऐकलंय.”

मनस्वी आधी गोंधळली, मग हसू आवरेना म्हणून खाली बसली. तिने आजोबांच्या खिशातून मोबाईल काढून गिरजाबाईच्या हातात दिला. पडद्यावर चौकोनी शेत, त्यात एकसारखे नारिंगी भोपळे. शरद संपला की उभे पीक कसे मरते, हे तिने सांगितले. सारखा आत फिरणारा शेजारी म्हणजे पडद्यावरचा टोपीवाला म्हातारा. कोणीतरी म्हणाले, “हैबतराव, ह्या वयात पोरखेळ?” मालूबाई पदराआड हसल्या. गिरजाबाईने सुस्कारा सोडला आणि मोबाईल नवऱ्याकडे दिला.

जनू हसला नाही. त्याने पडदा डोळ्यांजवळ धरला. भोपळ्यांच्या चारी बाजूंना कुंपण होते, सलग, कुठेही खंड नसलेले.

“इथं गुरं हायत?” त्याने मनस्वीला विचारले.

“नाहीत. पिकाला कोणीच हात लावत नाही. आबांना सांगून दमले, तरी त्यांनी घातलंच.”

जनूने मोबाईल खाली ठेवला. मागे त्याचा वाल शेंगांनी लवलेला होता. एक वेलही गुराच्या तोंडी गेला नव्हता. पण हे त्या क्षणी त्याच्या ध्यानात नसावे. त्याचा आवाज चढला.

“जिथं गुरंच नायत तिथल्या भोपळ्याला चारी बाजूंनी कुंपण, आणि माझ्या पोरीच्या वालाला उघडं ठेवलंत? मी दिवाळीपासून जीव मुठीत धरून बसलोय. वई का नाय घातली, हैबतराव? आज सगळ्यांच्या समोर सांगा.”

हैबतराव काडीने निखारे सारत होते. दुखऱ्या खांद्याविषयी, निलेशच्या शिफ्टविषयी ते काही बोलतील म्हणून मालूबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. हैबतरावांनी मडके उचलायची खूण केली, जनूकडे एकदा नीट पाहिले आणि म्हणाले,

“तू सकाळ-संध्याकाळ माझ्या बांधावर पाळतीला बसतोस, मग मी काट्या कशाला तोडू?”